दुखलं तर डावा हात वर करा

निवृत्त झालेल्या माणसाला घरात नेमकं कुठं ठेवायचं, हा प्रश्न कुठल्याच घराच्या नकाशात सोडवलेला नसतो. डॉक्टरांना त्यांच्या बायकोनं बरीच फिरवाफिरव करून शेवटी मागच्या गॅलरीत ठेवलं. तिथं ऊन यायचं, वारा यायचा, समोरची गल्ली आणि बसथांबा दिसायचा, आणि मुख्य म्हणजे तिथून स्वयंपाकघर दिसत नसल्यामुळे सूचना करता येत नसत.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. सगळी उमर त्यांनी लोकांच्या तोंडात बघण्यात घालवली होती आणि तरीही लोकांबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. दवाखाना आता लेक चालवत होती. ती त्यांच्याच हाताखाली शिकली, मग त्यांच्या डोक्यावर बसली आणि एक दिवस त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बाबा, आता पुरे."

डावा हात थरथरत होता. फार नाही. कप बशीत ठेवताना किणकिण व्हायची, इतकंच. पण दंतवैद्याच्या डाव्या हातात आरसा असतो. दात बिचारा जागच्या जागी असतो आणि आरशातला दात नाचायला लागतो. मग उजव्या हातानं कुणाच्या भरवशावर काम करायचं? डॉक्टरांनी वाद घातला नाही. पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून कपाटात टांगला आणि गॅलरीत येऊन बसले. तसे ते सुखात होते. फक्त रविवारी लेक जेवायला आली, की विषय निघायचाच.

"आठवड्यातून एक सकाळ दे," ते म्हणायचे. "मंगळवारी तुझ्याकडे तशीही गर्दी नसते."

"बाबा, हात."

"हाताला काय झालंय?"

"आत्ता पाणी ओतताना बघितलं मी. निम्मं टेबलानं प्यायलं."

असं बरेच रविवार चाललं. मग एका रविवारी लेकीनं जेवणं झाल्यावर पिशवीतून एक सुरी काढून टेबलावर ठेवली. लेकीला सुट्टीत डोंगर चढायची हौस. ही तिची डोंगरातली सुरी: घडी न होणारी, पात्यापासून मुठीच्या टोकापर्यंत एकसंध पोलाद, जंगलात अडकलेल्या माणसानं तिच्या जिवावर महिनाभर जगावं अशा थाटात बनवलेली. लेकीनं आजवर त्या सुरीनं फक्त सफरचंदं कापली होती. पात्यावर गंजू नये म्हणून काळा, जाड, खरखरीत थर दिलेला होता. त्या थरामुळे सुरी सफरचंदात अर्ध्यावर अडकायची आणि निघताना काळे कण मागं ठेवून यायची.

"हिचं कोटिंग काढून द्या," लेक म्हणाली. "सगळं. टोकापर्यंत. सुरी डाव्या हातात धरून, शिकंज्यात आवळून नाही. आतल्या पोलादावर एक ओरखडा दिसता कामा नये. जमलं, तर मंगळवारची सकाळ तुमची."

"अगं, बाप आहे तो तुझा," बायको म्हणाली. "नोकरीला आलेला उमेदवार नाही."

"माझ्या पेशंटच्या तोंडात कोण हात घालतोय, याची खात्री नको करायला?"

"माझे पेशंट," डॉक्टर म्हणाले.

"होते," लेक म्हणाली आणि सुरी त्यांच्याकडे सरकवली. मूठ त्यांच्या बाजूला, पातं स्वतःच्या. हे मात्र तिला त्यांनीच शिकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर कामाला लागले. वय एकदम दहा वर्षांनी कमी झाल्यासारखं वाटत होतं. गॅलरीतल्या टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं. दवाखान्यातून येताना आठवण म्हणून आणलेली हत्यारं ओळीनं मांडली. धारेवर चिकटपट्टी लावली, कारण धार म्हणजे हिरडी, तिथं चुकून लागलं तर बोंब. मग पात्याचे चार भाग केले. तोंडाचे करतात तसे: या अंगाचा मुठीकडचा, या अंगाचा टोकाकडचा, मग पलीकडच्या अंगाचे दोन. एका वेळी एकच भाग उघडायचा. अख्खं तोंड एकदम उघडं टाकणाऱ्या डॉक्टरांबद्दल त्यांचं मत वाईट होतं.

रंग काढायचं औषध त्यांनी ब्रशनं पहिल्या भागावर जाड थापलं आणि वर प्लास्टिकचा कागद चिकटवला. वासानं बायको दारापर्यंत आली आणि तिथूनच परत गेली.

"काय मेलं आहे का तिथं?"

"औषध आहे."

"मारायचं की बरं करायचं?" असं विचारून तिनं दार लावून घेतलं.

जरा वेळानं कागद उचलला तर काळा थर दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. डॉक्टर समाधानानं हुंकारले. आईस्क्रीमच्या लाकडी काडीनं त्यांनी तो अलगद ओढला, तसा तो एका पट्टीत निघून आला आणि खालून करडं, मंद पोलाद दिसलं. एवढं सोपं असेल तर मंगळवार लांब नाही, असं त्यांना वाटलं. पण मुठीच्या कोपऱ्यात थर हटेना. तिथं तो खाचखळग्यांत रुतून बसला होता, दातांवरच्या जुन्या कीटणासारखा. काडी मोडली. तेव्हा त्यांनी कीटण काढायचा बारीक आकडा उचलला, डाव्या हाताची करंगळी टेबलाला टेकवून थरथर जागच्या जागी दाबली, पुढं झुकले, आणि तोंडातून सवयीनं वाक्य गेलं:

"दुखलं तर डावा हात वर करा."

आणि एकटेच हसले.

हे वाक्य तसं सगळेच दंतवैद्य म्हणतात. डावा हात अशासाठी, की उजवीकडं डॉक्टर बसलेला असतो आणि पेशंटनं उजवा हात उडवला तर आकडा टाळूत जायचा. म्हणतात सगळेच. थांबतात थोडे. बरेचजण हात वर गेला की "झालंच, थोडंच राहिलंय," असं म्हणतात आणि चालू ठेवतात. डॉक्टर थांबायचे. हात दिसला की आकडा बाहेर. चूळ भरा, श्वास घ्या, मग बघू. या एका गुणावर त्यांचा दवाखाना चालला. लोक त्याचा फायदाही घ्यायचे. शाळेच्या एक मुख्याध्यापिका तर डॉक्टरांनी हत्यारांचा खण उघडला की हात वर करून बसायच्या. डॉक्टर तेव्हाही थांबायचे. लेकीकडं हा प्रकार नव्हता. तिच्याकडं इंजेक्शनं चांगली होती आणि छताला टीव्ही लावलेला होता. "आता दुखतच नाही, बाबा," ती म्हणायची, "हात कशाला हवा?"

तर डॉक्टरांनी आकडा कोपऱ्यात घातला. थर सुटला, पण शेवटी आकड्याचं टोक उघड्या पोलादाला लागलं आणि अगदी बारीक किर्र असा आवाज आला. डॉक्टरांनी चटकन मान वर केली.

गल्लीपलीकडच्या खिडकीत टेलरनं डावा हात वर केला होता.

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं, कारण त्यांचं आणि टेलरचं बोलणं बंद होऊन जमाना झाला होता. टेलरनं शिवलेल्या कोटाची एक बाही आखूड झाली होती आणि टेलरचं म्हणणं, बाही बरोबर आहे, हातच लांब आहे. डॉक्टरांनी टेलरच्या दाढेत भरलेली चांदी वर्षाच्या आत पडली होती आणि डॉक्टरांचं म्हणणं, चांदी बरोबर होती, दाढच नालायक आहे. आता टेलर आपण होऊन हात करतोय म्हटल्यावर डॉक्टरांचं मन भरून आलं. त्यांनी आकड्यासकट हात हलवला. टेलरनं हात खाली घेतला आणि मान खाली घालून शिवू लागला.

संध्याकाळी डॉक्टर मुद्दाम त्याच्या दुकानात गेले.

"या," टेलर म्हणाला. बसा म्हणाला नाही.

"सकाळी हात केलात, म्हणून आलो."

"कुणी केला?"

"तुम्ही. खिडकीतून. डावा हात."

टेलरनं चष्म्यावरून पाहिलं. "डॉक्टर, पडद्यांचं काम आहे. सकाळपासून दोन्ही हात कापडावर आहेत. हात वर करायला मला फुरसत कुठं आहे? आणि ती पण तुमच्यासाठी?"

"मग मला भास झाला असेल."

"होतो. रिकामपणी होतो."

पण बोलता बोलता टेलर एका पडद्याची शिवण उसवत होता आणि भलताच चिडलेला होता. डॉक्टरांनी वाकून पाहिलं. शिवण अगदी सरळ आली होती आणि मध्येच एका जागी वीतभर वाकडी गेली होती, कापडावरचा डावा हात कुणी उचलून घ्यावा तशी. पुढं पुन्हा सरळ.

"इतक्या वर्षांत असं झालं नाही," टेलर पुटपुटला. मग त्याला आपण बोलून गेल्याचं लक्षात आलं. "चहा घेणार?" त्यानं खडूस आवाजात विचारलं.

डॉक्टर घेणार होतेच. भांडण मिटल्याच्या आनंदात ते शिवणीचं विसरूनही गेले.

टोकाकडच्या भागासाठी त्यांनी दुपारची वेळ निवडली. बायको जेवून आतल्या खोलीत आरामखुर्चीत पडली होती, वर्तमानपत्र तोंडावर. गॅलरीच्या दारातून तिची खुर्ची सरळ दिसत होती. औषधानं बराच थर आला, पात्याच्या कण्याजवळ एक काळी रेघ तेवढी चिकटून राहिली. डॉक्टरांनी आकडा घेतला, वाक्य म्हणाले (आता जरा गंमत म्हणूनच) आणि रेघ खरवडू लागले. एकदा आकडा घसरला. किर्र.

आरामखुर्चीतून डावा हात वर गेला. सरळ, कोपर न वाकवता. वर्तमानपत्र तोंडावर तसंच, श्वासासरशी खालीवर होत होतं.

डॉक्टरांनी आकडा उचलला. हात खाली आला.

"अगं," ते दारात जाऊन म्हणाले. "झोपली आहेस का?"

वर्तमानपत्र घसरलं. "होते. का उठवलंत?"

"हात का वर केलास?"

"मी?" तिनं डाव्या हाताकडं पाहिलं, मुठीची उघडझाप केली. "मुंग्या आल्यात खऱ्या. शाळेत बसल्यासारखं वाटत होतं हो. उत्तर येत होतं मला."

"कशाचं?"

"ते अजून विचारलं नव्हतं कुणी," बायको म्हणाली आणि कुशीवर वळली.

डॉक्टर विज्ञानाचे पदवीधर होते. एखादी गोष्ट दोनदा झाली की तिच्याकडं काणाडोळा करणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजेड चांगला असताना त्यांनी सुरी पालटून पलीकडचं अंग वर घेतलं, औषधानं मुठीकडचा थोडा थर सोडवला आणि रीतसर प्रयोग केला. या वेळी वाक्य म्हणायचं नाही, असं ठरवलं. आधी लाकडी काडी थरावरून ओढली. गल्लीत काही झालं नाही. मग आकडा थरावरूनच, हलक्या हातानं. काही नाही. बसथांब्यावर माणसं उभी होती; कुणी फोनमध्ये, कुणी रस्त्याकडं बघत. एका बाईच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

मग डॉक्टरांनी श्वास रोखून आकड्याचं टोक उघड्या पोलादाला जेमतेम लावलं.

बसथांब्यावरच्या सगळ्यांनी डावा हात वर केला. पिशव्यांच्या बाईनं पिशवीसकट केला.

त्याच वेळी या थांब्यावर कधीच न थांबणारी जलद बस येत होती. एवढे हात बघून ती करकचून थांबली. "चढा की!" ड्रायव्हर ओरडला. माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. कुणालाच त्या बसनं जायचं नव्हतं. "मग हात कशाला केला?" म्हटल्यावर जो तो आपल्याच हाताकडं बघू लागला. एक वयस्कर गृहस्थ निव्वळ संकोचापोटी चढून गेले आणि बस निघाली.

डॉक्टरांनी आकडा केव्हाच बाजूला ठेवला होता. त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटली नाही. वाटली ती शरम. इतका वेळ दुखत होतं आणि आपण हसण्यावारी नेलं. त्यांनी सुरी दोन्ही हातांनी उचलली, न्हाणीघरात नेली आणि कोमट पाण्याखाली हळूच धरली.

"चूळ भरा," ते म्हणाले.

हे का होतंय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही असं नाही. विचारला, आणि दाढेच्या मुळाशी कधीकधी सापडतं तसं काही तरी सापडलं: एक्स-रेत दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण पेशंट म्हणतो आहे तर आहे. अशा वेळी कारण शोधत बसायचं नसतं. बधिर करायचं असतं.

कपाटातल्या पांढऱ्या कोटाच्या खिशात हिरडीला लावायच्या जेलची एक ट्यूब राहिली होती. मुदत उलटून गेलेली होती, पण मुदत उलटलेलं औषध सुरीला लावू नये असा नियम त्यांच्या वाचनात नव्हता. कापसाच्या बोळ्यानं त्यांनी पात्याच्या तिसऱ्या भागावर जेल चोळलं. औषध चढेपर्यंत पेशंटशी काही तरी बोलायची त्यांची पद्धत होती, म्हणून सफरचंदाच्या चार गोष्टी केल्या. मग आकडा लावला. अगदी हलका. गल्लीकडं एक डोळा.

माणसं फोनमध्ये बघत उभी होती. टेलर शिवत होता. आत बायको फोनवर बहिणीशी बोलत होती आणि डॉक्टरांच्या गॅलरीतल्या वासाबद्दल तक्रार करत होती.

डॉक्टरांना इतकं बरं वाटलं, की ते शीळ घालू लागले.

त्यानंतरचे दिवस छान गेले. थोडं जेल, थोडं औषध, थोडी काडी, गरज पडली तर आकडा. सकाळी काम, संध्याकाळी टेलरकडं चहा. टेलरनं बाही वाढवून द्यायचंही कबूल केलं, हात लांब असल्याचं डॉक्टरांनी मान्य केलं तर. पोलाद उघडं झालं, की अगदी बारीक पॉलिशपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, तेल घालून, एकाच दिशेनं ते फिरवायचे, कारण मागंपुढं केलं की चट्टे पडतात. पातं हळूहळू सायीसारखं गुळगुळीत झालं. ओरखडे गेले. भिंगातून सापडत नव्हते. डावा हात थरथरत होता तो थरथरतच होता, पण करंगळीच्या टेकूवर निभावत होता. मंगळवार आता डॉक्टरांना अगदी समोर दिसत होता: खुर्ची, डोक्यावरचा दिवा, आणि दिव्याखाली भीतीनं मोठे झालेले कुणाचे तरी डोळे, ज्यांना धीर द्यायचा आहे.

ट्यूब मात्र संपत आली. शेवटी कात्रीनं फाडून आतलंसुद्धा पुसून घेतलं. आणि तरी टोकापाशी दाताएवढा काळा तुकडा राहिलाच.

शनिवारी दुपारी डॉक्टर त्या तुकड्यासमोर बराच वेळ बसले. औषधानं तो सुरकुतला नव्हता. आकडा लावायची तर हिंमत नव्हती. मऊ आहे का, एवढंच बघावं म्हणून त्यांनी त्यावर नुसतं बोट टेकवलं.

समोर टेलरचा हात वर गेला.

बसथांब्यावरचे हात वर गेले.

आत वळून पाहिलं तर बायको टेबलाशी मटार सोलत बसली होती. तिचा डावा हात वर होता. उजव्या हाताचं बोट शेंगेत तसंच होतं.

आत्तापर्यंत हात वर जात आणि खाली येत. या वेळी डॉक्टर बोट उचलायचं विसरले, म्हणून त्यांना बघायला मिळालं. कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं. सगळे किंचित वर, समोरच्या उजेडाकडं बघत होते.

आणि सगळ्यांची तोंडं उघडी होती. आऽ केल्यासारखी.

डॉक्टरांनी बोट उचललं.

मटार वाटीत पडल्याचा आवाज आला. "उद्या लेक येणार आहे," बायको म्हणाली. "तेवढं ते टेबल आवरा."

त्यांनी आवरलं. सुरी पुसली, तेलाचा हात फिरवला, मऊ फडक्यात गुंडाळली. तुकडा राहू दिला. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. हात वर गेला की थांबायचं. मंगळवार गेला तर गेला. झोपायला जाताना त्यांना थोडं वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यातही एक समाधान होतं आणि ते शांत झोपले.

रविवारी लेकीनं जेवणाआधीच सुरी मागितली. खिडकीशी नेऊन पात्यावर उजेड तिरपा पाडला, पर्समधून भिंग काढलं, एक अंग पाहिलं, दुसरं पाहिलं. बायको ताटं मांडायची थांबली. लेकीनं भिंग खाली घेतलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"बाबा," ती म्हणाली. "हे तुम्ही केलंत? या हातानं?"

"टेकू देऊन," डॉक्टर म्हणाले.

"माझ्या हातून झालं नसतं."

"ते मला माहीत होतं," बायको म्हणाली आणि डोळे पुसायला आत गेली.

"मंगळवार तुमचा. या मंगळवारपासून. कोट आहे ना अजून?" लेक हसली, आणि हसता हसता तिचा अंगठा टोकाशी थांबला. "हे काय, एवढं राहिलं?"

"ते राहू दे."

"का?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. तिथं दुखतंय. एवढंच म्हणायचं होतं. पण लेकीच्या चेहऱ्याकडं पाहिल्यावर पुढचं सगळं त्यांना दिसलं: आधी हात, आता डोकं. ती त्यांचा हात पुन्हा दोन्ही हातांत घेईल. मऊ आवाजात बोलेल. कोट कपाटातच राहील.

"नाही," ते म्हणाले. "दिसतंय छान, म्हणून."

"छान कसलं? पुढच्या दातात बी अडकल्यासारखं दिसतंय." ती गॅलरीत जाऊन त्यांच्याच खुर्चीवर बसली, फडक्यावरचा आकडा उचलला, सुरी डाव्या हातात घेतली. "दोन मिनिटांचं काम. तुम्ही जेवायला बसा."

डॉक्टर बसले नाहीत. दारात उभे राहिले.

लेक खाली झुकली. आकड्याचं टोक तुकड्याखाली गेलं. किर्र.

त्यांनी आत पाहिलं. बायको भांडी आणत होती, दोन्ही हात भांड्याला.

समोर पाहिलं. टेलर खिडकीत शिवत होता. दोन्ही हात कापडावर.

बसथांब्यावर माणसं उभी होती. बोलत होती, जांभया देत होती. एकही हात वर नव्हता.

डॉक्टरांचा श्वास सुटला. काही नव्हतंच, त्यांना वाटलं. रिकामपणी होतं. आपण गप्प बसलो ते किती बरं केलं.

किर्र, किर्र. लेकीचा हात जलद होता. तिनं मान वर केली नाही. काम करताना ती कधीच करत नसे.

"झालंच हं," ती म्हणाली. "थोडंच राहिलंय."

इतक्या मऊ आवाजात ती कुणाशी बोलतेय, हे डॉक्टरांना चटकन कळेना. बोलायला गेले, तर जीभ जागेवर होती पण ओठ मिटत नव्हते. मग डोळ्याच्या कोपऱ्यात त्यांना काही तरी दिसलं, कानाच्या वर, सरळ, कोपर न वाकवता.

दुखत कुठंच नव्हतं. आणि डावा हात मुळीच थरथरत नव्हता.